आमच्या उंचीवर टांगलेली चित्रं

आमच्या घरात दोन व्हीलचेअर आहेत. एक माझी, बॅटरीवर चालणारी. तिच्या उजव्या हाताखाली एक छोटी दांडी आहे, ती पुढे केली की खुर्ची पुढे, मागे ओढली की मागे. दुसरी जुनी, हाताने ढकलायची. ती दाराच्या मागे असायची आणि तिच्यावर रद्दी बसायची. रद्दीवर पिशव्यांची पिशवी, आणि दिवाळीत तर चकलीचा डबासुद्धा. ज्यांनी बसायला हवं होतं ते मात्र बसत नव्हते. ते म्हणजे माझे बाबा.

बाबांचे गुडघे गेले. ‘गेले’ हा आमच्या घरातला शब्द, डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं. हृदय नाजूक, त्यामुळे ऑपरेशन नको. घरात काठी वापरा, बाहेर जाताना व्हीलचेअर घ्या, असं डॉक्टर म्हणाले. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान डोलावली, घरी आले, काठी घेतली आणि बाहेर जाणंच बंद करून टाकलं. प्रश्नच मिटला! नाहूरच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली पायऱ्यांशेजारी उतार आहे. तो उतारही बाबांनीच सोसायटीच्या मीटिंगा गाजवून करून घेतलेला. पण आता उतरायचं म्हटलं की पुढच्या आठवड्यात बघू म्हणायचे. खिडकीत बसून रस्ता बघायचे, रविवारी मला मासळीला पाठवायचे आणि मी आणलेल्या माशांना जेवण संपेपर्यंत नावं ठेवायचे.

एकदा मी सरळ विषयालाच हात घातला. रद्दी उचलली, जुनी खुर्ची पुसली, चाकांना तेल घातलं आणि त्यांच्यासमोर आणून ठेवली. बाबांनी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

“घरात एक पुरे,” म्हणाले.

मला ते फार लागलं. तिसऱ्या वर्षी मला पोलिओ झाला, तेव्हापासून हा माणूस जगाशी एकाच मुद्द्यावर भांडत आलाय. शाळेच्या मुख्याध्यापकांशी, लग्नाच्या हॉलमध्ये ‘हिला जरा कोपऱ्यात बसवा’ म्हणणाऱ्या मामीशी, माझ्याशी न बोलता ‘ही काय खाणार?’ असं त्यांना विचारणाऱ्या वेटरशी. प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे: तुम्ही चष्मा लावता ना, तशीच ती खुर्ची, त्यात लाजायचंय काय? मी त्या वाक्यावर मोठी झाले. कॉलेजात गेले, चित्रं काढायला लागले, अंधेरीच्या एका ऑफिसात पोस्टरं करायची नोकरी धरली, सगळं त्या वाक्याच्या जिवावर. आणि स्वतःवर पाळी आल्यावर घरात एक पुरे? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणजे इतकी वर्षं मला नुसती गोळी देत होते की काय? हे मी त्यांना विचारलं नाही, कारण उत्तर काय येईल याची मला भीती वाटत होती. गपचूप रद्दी परत खुर्चीवर ठेवली.

मी वाढणार म्हणून मोठ्यांच्या मापाने घेतलेल्या त्या जुन्या खुर्चीला डाव्या बाजूला स्कूटरचा आरसा आहे. बाबा भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, हाताला आलेली कुठलीही वस्तू कुठल्याही वस्तूला बसवायची त्यांना हौस. लहानपणी ते मला ढकलत न्यायचे आणि आमच्या गप्पा चालायच्या, पण मला त्यांचं तोंड काही दिसायचं नाही. मी समोरच्या हवेशी बोलतेय असं वाटायचं आणि येणारेजाणारे वळून बघायचे. मी कटकट केली, तर दुसऱ्या दिवशी बाबांनी आरसा आणून ठोकला. तेव्हापासून आम्ही आरशातून बोलायला लागलो, भांडायलासुद्धा. घरातले बाबा पूर्ण मापाचे, रस्त्यावरचे बाबा पुरीएवढे, गोल. मागे आभाळ, नाहीतर एखादी जाहिरात. मी जग जितकं बघितलं ते त्या पुरीसकट बघितलं.

बॅटरीची खुर्ची आली आणि बाबा बेकार झाले. झाले म्हणजे आम्ही तसं ठरवलं, त्यांनी नाही. त्यांचा बॅटरीवर काडीचा विश्वास नव्हता. मी पुढे सुसाट आणि हे मागून हात अर्धवट पुढे केलेले, पळत पळत, असं कित्येक महिने चाललं. मी ओरडायचे, बाबा, लोक हसतात. ते म्हणायचे, हसू देत, ती बंद पडली की तेच लोक बघत उभे राहतील. गुडघे गेल्यावर पळणं संपलं, पण चौकशी संपली नाही. मी खाली उतरून कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच फोन. खुर्चीच्या दांडीशेजारच्या पडद्यावर बॅटरीच्या ज्या कांड्या दिसतात त्या किती उरल्या, एवढाच प्रश्न. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी “तीन” एवढंच सांगून फोन ठेवायचे. साहेबांना वाटायचं माझी कुठेतरी बोली चाललीय.

आता माझ्या मित्राबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा. म्हणजे आम्हा दोघांचा, पण हे लिहितेय मी. तो चेंबूरचा. तरुणपणी मानेला मार बसला तेव्हापासून तोही खुर्चीवर. बोटांत ताकद नाही म्हणून मनगटाला पट्टा बांधतो, पट्ट्यात ब्रश अडकवतो आणि खांद्यातून रंगवतो. इमारतींची चित्रं काढतो. अपघाताआधी आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा, त्यामुळे एखादी रेघ जराशी कलली तरी ह्याच्या पोटात दुखतं. माझी चित्रं वेगळी. माझ्या चित्रांत माणसांना डोकी फार क्वचित असतात. मला दिसतं तेच मी काढते: पिशव्या, कोपरं, पट्ट्यांची बक्कलं, साडीच्या निऱ्या, कोणीतरी पाठीमागे घट्ट धरलेला स्वतःचाच हात. मित्र म्हणतो, तुझं प्रदर्शन बघितलं की रेशनच्या लाइनीत बसल्यासारखं वाटतं. मी म्हणते, तुझं बघितलं की फ्लॅट बुक करावासा वाटतो.

आधी एका मोठ्या प्रदर्शनात आम्हा दोघांचं एकेक चित्र लागलं होतं. दिव्यांग कलाकारांचं प्रदर्शन, पुष्पगुच्छ, शाली, सगळं साग्रसंगीत. चित्रं मात्र टांगली होती छताला विचारून. माझ्या चित्राची मला फक्त खालची पट्टी दिसत होती. पाहुण्यांनी विचारलं, हे तुमचंच का, तर मी म्हटलं, असावं, चौकट ओळखीची वाटतेय. त्याच दिवशी आम्ही शपथ घेतली की आपलं दोघांचं प्रदर्शन करायचं आणि त्यातलं एकही चित्र चालत्या माणसाच्या हाताने टांगायचं नाही.

मुलुंडमध्ये तळमजल्यावरचा एक छोटा हॉल मिळाला, दाराशी उतार असलेला. तिथे छताजवळच्या पट्टीवरून तारा सोडलेल्या होत्या आणि तारांवर वरखाली सरकणारे हूक. म्हणजे बसल्या जागेवरून जमणारं काम. चित्रं आत न्यायला आम्ही माझी जुनी खुर्ची आणली होती. तिच्यावर चार-चार चित्रं ठेवायची आणि ढकलायची, हमाल नको आणि काही नको. आई कुरकुरली की आता रद्दी ठेवू कुठे.

मदतीला आलेल्या सगळ्यांना आम्ही चहाला पिटाळलं. मित्राने एक यंत्र आणलं होतं, फरशी बसवणारे वापरतात तसलं. बटण दाबलं की भिंतीवर लाल उजेडाची एक सरळ आडवी रेघ पडते. त्याने ते स्वतःच्या खुर्चीच्या पाठीला, डोक्याशेजारी चिमट्याने लावलं आणि हॉलच्या मधोमध ब्रेक लावून बसला. नियम त्याने मला समजावून सांगितला: चित्राचा मध्य बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. मी म्हटलं, बरोबर. तो म्हणाला, ही बघ डोळ्यांची रेषा. मी म्हटलं, एकदम बरोबर. मग दुपारभर तो तिथे देवासारखा बसून वर, खाली, किंचित डावीकडे असं सांगत राहिला आणि मी भिंतीभिंतीने खुर्ची फिरवत हूक सरकवत राहिले. शेवटचं चित्र लागलं तेव्हा सगळे मध्य त्या लाल रेघेवर होते, सुतासारखे. आम्ही दोघांनी एक फेरी मारली. आयुष्यात पहिल्यांदा एखादं प्रदर्शन मान न दुखता बघितलं. मित्र म्हणाला, झकास. हॉलचा वॉचमन डोकावला, भिंतींकडे बघून जरासा थबकला आणि काही न बोलता गेला. नंतर कळलं की त्याला वाटलं मॉडर्न आर्ट असंच असतं.

संध्याकाळी माणसं आली. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका आधी आल्या. पहिल्या काकू पहिल्या चित्रापुढे उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि कमरेत वाकल्या. दुसऱ्या काकू वाकल्या. मग रांगेने सगळ्याच वाकल्या, पायरीचं दर्शन घ्यावं तसं. एक दाढीवाले गृहस्थ नीट बघायला उकिडवे बसले आणि त्यांना उठवायला दोन माणसं लागली. एकीचा नातू तेवढा खूश होता, तो एकटाच सरळ उभा राहून बघत होता.

मी मित्राकडे बघितलं, मित्राने माझ्याकडे बघितलं. बघणारे उभे असतात, हे आमच्या दोघांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्याही नाही, माझ्याही नाही, एवढी दुपार जाऊन! तो हळूच म्हणाला, वाट लागली यार. मी म्हटलं, गप बस, कल्पना आहे म्हणून सांग. आणि काय सांगू, लोकांनी आमच्या आधीच ते ठरवून टाकलं होतं. एक बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या की किती सूचक, समाजाला तुम्ही झुकायला लावलंत. मित्राने अत्यंत गंभीर चेहऱ्याने मान हलवली. मला खोकल्याचं सोंग करावं लागलं.

पण मला काळजी वेगळीच होती. बाबा येणार होते.

त्यासाठी मी महिनाभर त्यांच्या मागे लागले होते. शेवटी अट घातली त्यांनी: रिक्षाने दारापर्यंत, काठी टेकत आत, पाच मिनिटं उभा राहीन, परत. खुर्ची नाही. मी कबूल केलं, कारण दारासमोरच्या भिंतीवर मधोमध एक छोटं गोल चित्र होतं. स्कूटरचा आरसा, त्यात बाबा, मागे आभाळ. ते मी कोणालाच दाखवलं नव्हतं. ते त्यांनी बघावं, एवढ्यासाठी माझा अर्धा खटाटोप होता. आणि आता ते चित्र त्यांच्या कमरेच्या जरा वर टांगलेलं होतं. वाकणं तर सोडाच, मान खाली घातली तरी त्यांचा तोल जायचा.

रिक्षा आली. आईने त्यांना उतरवलं, काठी दिली आणि दोन पावलं मागे राहिली, ती नेहमी राहते तशी. बाबा उतार चढून आत आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. हॉलमधल्या वाकलेल्या पाठींकडे बघून त्यांनी विचारलं की ह्यांचं काय हरवलंय. मग त्या गोल चित्रासमोर जाऊन उभे राहिले. वरच्या दिव्याचा उजेड नेमका काचेवर पडला होता. त्यांनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. “माका नुसतो दिवो दिसता,” म्हणाले. बाबा मालवणीत शिरले की समजावं, त्यांना त्रास होतोय.

मी म्हटलं, थांबा, वर सरकवते. पण भोवती माणसं, त्यातून माझी खुर्ची मधे घुसेना. बाबांना आता काठीवर फार वेळ उभं राहवेना. त्यांनी शेजारी बघितलं. चित्रं वाहून झाल्यावर आम्ही जुनी खुर्ची तिथेच भिंतीशी लावून ठेवली होती. बाबांनी तिच्याकडे दोनदा बघितलं. मग कोणाचं लक्ष नाही असं स्वतःच ठरवून, काठी आडवी धरून, तिच्यात बसले. वर मला सांगतात कसे, चित्र बघण्यापुरतं.

आणि मग त्यांना चित्र दिसलं.

त्यांनी काठी मांडीवर ठेवली. चित्रातल्या आरशातले बाबा तरुण आहेत, कपाळावर घाम आहे, तोंड काहीतरी बोलायला उघडलेलं आहे. गर्दी जरा सरली तशी मी शेजारी जाऊन थांबले. आता आम्ही एका उंचीवर होतो. आठवतंय तेव्हापासून रस्त्यावर, घराबाहेर, त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या शेजारी कधीच आला नव्हता. मागे तरी असायचा, नाहीतर वर.

“माझा नाक एवढा मोठा नाय,” बाबा म्हणाले.

मी म्हटलं, आरशात तसंच दिसायचं. ते हसले. आणि ते हसले म्हणून मला धीर आला. मनात महिनोन्‌महिने ठेवलेलं मी विचारून टाकलं, अगदी हळू आवाजात. “बाबा, खुर्चीची लाज वाटते का तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी भलतंच बोलले होते.

“लाज कसली गो?” म्हणाले. “मी बसलंय, तर तुझ्या पाठी उभो कोण रवतलो? ती बॅटरी?”

घरात एक पुरे. त्याचा अर्थ हा होता आणि मी काय काय समजून बसले होते! खिडकीत बसून हा माणूस रोज कांड्या मोजत होता, कारण त्याच्या हिशेबात तो अजून कामावरच होता. बसला की राजीनामा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि समोरच्या काकूंना वाटलं मी समाजासाठी रडतेय.

तेवढ्यात जुनी खुर्ची जरा पुढे सरकली. मी वळून बघितलं. आई मागे येऊन उभी राहिली होती, दोन्ही हात खुर्चीच्या मुठींवर ठेवून. ती आमच्या घरात सगळ्यात कमी बोलते.

“आणि मी?” ती म्हणाली. “इतकी वर्सां मी खंय बसलंय?”

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला, पण मानही आता तेवढी वळत नाही. मग त्यांनी आरशात बघितलं. त्यांनी स्वतःच ठोकलेल्या त्या आरशात आई होती, पुरीएवढी, गोल, कपाळावर आठ्या घातलेली. ते तिच्याकडे बघत राहिले. मी आरशातल्या माणसाचं चित्र काढलं, त्या माणसाच्या मागे दोन पावलांवर पिशवी घेऊन कोण चालायचं ते मला कधी दिसलंच नाही. आरसा छोटा होता हे खरं, पण सगळा दोष आरशाला देता येत नाही.

“ढकल तर मग,” बाबा तिला म्हणाले. “पण हळू.”

पाच मिनिटांसाठी आलेला माणूस हॉल बंद होईपर्यंत हलला नाही. प्रत्येक चित्रापुढे थांबून प्रत्येकाला नावं ठेवली. मित्राच्या इमारती बघून विचारलं की ह्यांना पाण्याच्या टाक्या का नाहीत. मित्राने ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या चित्रांत टाक्याच टाक्या आहेत. चित्रं आम्ही वर सरकवलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी मंडपवाल्याकडून प्लास्टिकच्या खुर्च्या मागवून प्रत्येक चित्रासमोर एकेक मांडली. लोक आले, बसले, बघून गेले. मित्र आता सगळीकडे सांगत फिरतो की तो लाल रेघेचा निर्णय पूर्ण विचारांती घेतलेला होता. मी त्याला सांगू देते.

पुढच्या रविवारी सकाळी मी मासळीला निघाले तर दारात वाहतूक बंद. जुनी खुर्ची आडवी, तीत बाबा, मांडीवर मासळीची पिशवी, मागे चपला घालून आई. रद्दी जमिनीवर. बाबा म्हणाले, उशीर केला की चांगलं पापलेट उरत नाही, हे तुला एवढी वर्षं कळलं नाही, म्हणून यावं लागतंय.

आम्ही तिघं निघालो. मी पुढे, ते मागे. कोपऱ्यावर मी वळून बघितलं, तर बाबा रस्त्याकडे बघतच नव्हते, सारखे आरशात डोकावत होते. मी विचारलं, मागून काय एवढं ट्रॅफिक येतंय?

“तुझी आवस दमली काय, ता बघतंय,” ते म्हणाले. “ती सांगणा नाय कधी. आणि तिका कांडये पण नाय.”